चिनी चहाघर आणि तेथील निरामिष फराळ

आपल्या घरांत दिवसांतून दोन वेळां तरी ज्याचें नांव निघतें, त्या चहाचें नांवसुद्धां आपलें नव्हे, ही गोष्ट आपण सहसा मनांत आणीत नाहीं. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर कँटन आणि मकाव या बाजूस त्यास 'चा' म्हणतात. थोडें पूर्वेकडे, फूक्येन प्रांताच्या बंदरांत, त्यासच 'ते' म्हणतात. मकावच्या पोर्तुगीजांकडून किंवा खुष्कीच्या मार्गानें इराणाकडून ज्यांनीं हा पदार्थ घेतला त्यांच्या भाषांत 'चा' आणि 'चाय' हीं रूपें रूढ झालीं. डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ज्यांच्याकडे तो उतरला ते 'थे' आणि 'टी' म्हणूं लागले. मराठी पहिल्या गटांत बसते. परदेशचा पाहुणा घरीं यावा, त्यास आपण आपल्या रीतीचे कपडे घालावे, दूध-साखर पाजावी, आणि तो मूळचा कोणत्या गांवचा हें विसरून जावें, तसें आपण या पेयाचें केलें आहे. त्याच्या मूळ घरीं त्याची बैठक कशी असते, तेथें त्याच्यासोबत काय खातात, आणि ती बैठक कोणीं घालून दिली, हें पाहण्याचा योग आम्हांस हाँगकाँग येथें आला. तेथें जे प्रश्न मनांत उभे राहिले त्यांचा मागोवा घेतां घेतां प्रस्तुत लेख झाला आहे.

हाँगकाँगच्या कौलून भागांत, चोहोंकडे गगनचुंबी इमारतींचा गराडा पडला असतां, त्यांच्या मधोमध साडेतीन हेक्टरांचें एक उद्यान आहे. त्याचें नांव नान लियन. शेजारीं ची लिन हा भिक्षुणींचा विहार आहे. विहाराची स्थापना १९३४ सालची. परंतु आज दिसते ती वास्तु १९९० नंतरच्या दशकांत थांग काळच्या पद्धतीनें, लांकडांत लांकूड अडकवून, लोखंडी खिळ्यांवांचून नव्यानें उभारलेली आहे. उद्यान २००६ सालीं लोकांस खुलें झालें. त्यांत चहाचें एक लांकडी घर आहे, आणि निराळ्या बाजूस धबधब्याच्या पडद्यामागें एक शाकाहारी भोजनालय आहे.

चहा देण्याचा तेथील विधि पाहून आम्हांस प्रथम देवपूजेची आठवण झाली. लहानशी मातीची किटली. तिच्यावर आणि पेल्यांवर आधीं कढत पाणी ओतायचें. पानांवरचें पहिलें पाणी पिण्यासाठीं नव्हे, तें टाकून द्यायचें. मग दुसरें पाणी घालून क्षणभरानें तें पेल्यांत वाटायचें. पेले इतके लहान कीं घोट दोन घोटांत संपावे. दूध नाहीं, साखर नाहीं. आणि तींच पानें पांच-सहा वेळां उतरवायचीं, दर खेपेस चव थोडी निराळी. पानाचें नांव विचारलें तों कळलें कीं त्यास 'लोह-क्वानयिन' म्हणतात. क्वानयिन ही चिनी लोकांची करुणेची देवता, म्हणजे आपल्या कान्हेरीच्या आणि औरंगाबादच्या लेण्यांत कोरलेला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. चीनमध्यें त्यास कालांतरानें स्त्रीरूप प्राप्त झालें, आणि पुढें फूक्येनांतील एका चहाच्या जातीस तिचें नांव मिळालें.

फराळ बांबूच्या वाटोळ्या करंड्यांतून वाफाळत येतो. उकडीचे मोदक होतात अशा घरांत वाढलेल्या माणसास तें दृश्य परकें वाटण्याचें कारण नाहीं. गव्हाच्या सत्त्वाची पारदर्शक पारी, तिच्या कडेस नखानें पाडल्यासारख्या बारीक कळ्या, आणि आंत गोड पुरणाच्या जागीं अळंबीं, गाजर व बांबूचे कोंब यांचें सारण. दुसऱ्या करंडींत सोयाबीनच्या दुधावरची साय वाळवून तिची केलेली सुरळी. तिसरींत तांदुळाच्या पातळ उकडीची गुंडाळी. शेवटीं तिळांत घोळून तळलेले गोळे, त्यांच्या पोटांत कमळाच्या बियांचें पुरण. एकाहि पदार्थांत मांसमासळी नव्हती हें ठीकच. विहाराच्या शेजारचें घर तें. परंतु आमच्या सहधर्मचारिणीच्या ध्यानांत आणखी एक गोष्ट आली. कांदा-लसणाचा कोठें मागमूस नव्हता. चौकशी केल्यावर वाढणाऱ्या मुलीनें सांगितलें कीं येथें ते चालतच नाहींत. "म्हणजे यांचा चातुर्मास बारा महिन्यांचा!" ही उद्गारून मोकळी झाली, आणि आम्ही मात्र विचारांत पडलों.

खरें सांगावयाचें तर पहिला विचार आला तो अभिमानाचा होता. बौद्ध धर्म येथून गेला, त्याच्याबरोबर अहिंसा गेली, अहिंसेबरोबर शाकाहार गेला; तेव्हां समोरची करंडी ही आपलीच शिदोरी! असा निष्कर्ष काढणें सोपें आहे, आणि आपल्याकडे तो पुष्कळदां काढलाहि जातो. परंतु घरीं येऊन ग्रंथ चाळूं लागलों तों हा अभिमान फारसा टिकला नाहीं.

हिंदुस्थानांतील प्राचीन भिक्षु भिक्षेवर राहत असे. पात्रांत जें पडेल तें खावें, आवडनिवड करूं नये, हा त्याचा नियम. मांस पडलें तरी तें त्याच्यासाठीं मारल्याचें त्यानें पाहिलें नसेल, ऐकलें नसेल, आणि तसा संशयहि त्यास नसेल, तर तें 'त्रिकोटिपरिशुद्ध' समजावें, असें विनय सांगतो. देवदत्तानें संघास मांस-मत्स्य सर्वथा वर्ज्य करावें अशी मागणी केली ती बुद्धानें मान्य केली नाहीं, ही कथा पालि ग्रंथांत प्रसिद्ध आहे. मांसाचा स्पष्ट निषेध पुढें लंकावतार आणि महायानी महापरिनिर्वाण या सूत्रांत आला. हीं सूत्रें चिनी भाषेंत उतरलीं आणि तेथील लोकांनीं तीं शब्दशः मनावर घेतलीं. ह्युएन-त्संग इ. स. ६३० च्या सुमारास हिंदुस्थानाकडे येत असतां वाटेंत कुचा येथें राजानें त्यास मेजवानी दिली. पानांत त्रिकोटिपरिशुद्ध मांस होतें. तेथील भिक्षु तें खात असत. ह्युएन-त्संगानें महायानाचा हवाला देऊन तें बाजूस सारलें. म्हणजे हिंदुस्थानांत धर्म शिकावयास निघालेला हा चिनी यात्रेकरू आहाराच्या बाबतींत आपल्या भावी गुरुबंधूंपैकीं पुष्कळांहून कडक होता! हाच गृहस्थ पुढें पुलकेशीच्या महाराष्ट्रांत येऊन गेला हें वाचकांस ठाऊक आहेच. कांदा-लसूण या देशांत फार थोडे लोक खातात व खाणाऱ्यास गांवाबाहेर घालवितात, असेंहि त्यानें लिहून ठेविलें आहे. तेवढ्यापुरता मात्र आमच्या अभिमानास आधार आहे.

चिनी भिक्षूंचा शाकाहार ठरला तो एका बादशहाच्या हट्टानें. लियांग घराण्याचा सम्राट वू हा ५०२ पासून ५४९ पर्यंत नानकिंग येथें राज्य करीत होता. त्यानें स्वतः मद्यमांस सोडलें, आणि भिक्षूंची सभा बोलावून तेथें वाद घातला. विनयांत परवानगी आहे असें कांहीं भिक्षूंनीं दाखवून दिलें. तें सम्राटास पटलें नाहीं. पुढें राजाज्ञा निघाली. ५१७ सालीं तर त्यानें राजकुलाच्या पितरांस अर्पावयाचे पशु बंद करून पिठाचे बळी सुरू केले. आमच्याकडील पिष्टपशूच्या वादाची येथें कोणास आठवण होईल. हा सम्राट विलक्षण खरा. तो स्वतःस विहारास दान करी आणि मंत्र्यांनीं खजिन्यांतून द्रव्य देऊन त्यास सोडवून आणावें लागे. अखेरीस बंडखोर हौ चिंग यानें राजधानीस वेढा दिला. स्वयंपाकघरांतील भाजीपाला संपला, आणि आयुष्यभर शाकाहार पाळलेल्या म्हाताऱ्यास अंडीं खाण्याची पाळी आली. वेढा फुटल्यावर तो शत्रूच्या कैदेंतच उपासमारीनें मेला.

सम्राट गेला तरी नियम उरला. याचें कारण आमच्या मतें भिक्षूंच्या पोटापाण्याच्या व्यवस्थेंत आहे. चीनमध्यें भिक्षापात्र घेऊन दारोदार फिरण्याची चाल मूळ धरूं शकली नाहीं. विहारांस जमिनी होत्या, शेतें होतीं, आणि स्वतःचें स्वयंपाकघर होतें. जो शिजवितो तोच काय शिजवावें हें ठरवितो. त्यामुळें कांदा, लसूण व त्यांचे सोयरे यांवरील निषेधहि तेथें पाळतां आला. या स्वयंपाकघरांतून पुढें सोयाबीनचें पनीर, गव्हाच्या कणकेंतील चिवट सत्त्व आणि नाना जातींचीं अळंबीं यांवर एक स्वतंत्र पाकशास्त्र वाढलें. त्याची एक शाखा अशी कीं कणकेचें बदक करावें आणि अळंब्यांचा मासा, तो इतका हुबेहूब कीं खाणारा फसावा. दर्शनास येणाऱ्या गृहस्थांसाठीं ती असेल. आम्हांस ती कारागिरी कौतुकास्पद वाटली तरी तिच्यांतला हेतु रुचला नाहीं. जें सोडलें त्याची नक्कल ताटांत कशाला हवी?

आतां चहाकडे वळूं. भिक्षूंच्या नियमांत दुपारनंतर अन्न वर्ज्य. ध्यानास बसणाऱ्या भिक्षूस रात्रीं झोंप आवरावी लागे आणि पोटहि रिकामें असे. आठव्या शतकांतील फेंग येन नांवाच्या अधिकाऱ्यानें लिहिलें आहे कीं, ७१३ ते ७४१ या काळांत ताइ पर्वतावरील लिंग-येन विहारांत एक आचार्य ध्यानाचा प्रसार करीत होता. झोंपावयाचें नाहीं, रात्रीं जेवावयाचें नाहीं, मात्र चहा पिण्यास मुभा होती. भिक्षु आपापला चहा जवळ बाळगीत व जेथें तेथें उकळीत. लोकांनीं त्यांचें अनुकरण केलें, आणि थोड्याच वर्षांत शांतुंगपासून राजधानी चांगआनपर्यंत गांवोगांव अशीं दुकानें निघालीं कीं जेथें साधु असो वा संसारी, पैसा टाकून कोणासहि चहा प्यावयास मिळे. चहाच्या दुकानाचा हा अगदीं आरंभीच्या उल्लेखांपैकीं एक होय. हा 'ध्यान' शब्दच चिनी तोंडीं 'छान' आणि जपानी तोंडीं 'झेन' झाला.

याच काळांत लू यू (७३३-८०४) झाला. टाकून दिलेलें हें पोर एका भिक्षूनें विहारांत वाढविलें. त्यानें भिक्षु व्हावें ही गुरूची इच्छा. याचें मन कन्फ्यूशियसच्या विद्येकडे. शिक्षा म्हणून गुरें राखावयास लाविलें तेव्हां तो पळाला आणि नाटकमंडळींत जाऊन विदूषक झाला. तोच पुढें 'चहाचें सूत्र' या दहा प्रकरणांच्या ग्रंथाचा कर्ता म्हणून अमर झाला. चहांत कांद्याची पात, आलें, बोरें, संत्र्याची साल, पुदिना असलें कांहीं घालून उकळणाऱ्यांवर त्याचा मोठा राग. तें पाणी गटारांत फेंकण्याच्या लायकीचें, अशा अर्थाचें त्यानें लिहिलें आहे. (आल्याशिवाय ज्यांचा चहा घशाखालीं उतरत नाहीं अशा आमच्या वाचकांनीं हें वाक्य मनास लावून घेऊं नये; लू यू स्वतः चहांत मीठ घालीत असे.) त्याच्या हयातींतच चहावर कर बसला, ७९३ सालापासून तो नियमितपणें दशांश या दरानें घेण्यांत येऊं लागला. कुंभार लू यूच्या मातीच्या मूर्ति करून चहाच्या भांड्यांबरोबर देऊं लागले. आणि धंदा बसला कीं दुकानदार त्या मूर्तीच्या डोक्यावर पाणी ओतीत, अशी नोंद आहे. देव झालेल्या माणसांचे हाल सर्वत्र सारखेच.

फराळाचें चिनी नांव 'त्येन-शिन', कँटनी उच्चार 'दिम् सम'. त्याचा अक्षरार्थ 'हृदयास किंचित् स्पर्श'. पोटभर जेवण नव्हे. दोन जेवणांच्या मध्यें मनास थोडा आधार, इतकाच मूळ अर्थ. या शब्दावर झेन पंथाच्या ग्रंथांत एक फार सुंदर गोष्ट आहे. नवव्या शतकांत ते-शान नांवाचा पंडित वज्रच्छेदिका सूत्रावर आपण लिहिलेलें भाष्य पाठीवर घेऊन, ग्रंथांवांचून मोक्ष सांगणाऱ्या दक्षिणेकडील ध्यानपंथी लोकांस जिंकावयास निघाला. वाटेंत रस्त्याच्या कडेला एक म्हातारी फराळ विकीत बसली होती. यानें त्येन-शिन मागितलें. म्हातारीनें विचारलें, पाठीवर काय आहे? यानें सांगितलें. ती म्हणाली, "माझ्या एका प्रश्नाचें उत्तर द्या, म्हणजे फराळ फुकट, न आलें तर दुसरें दुकान पाहा." मग तिनें विचारलें कीं, भूतकाळचें, वर्तमानकाळचें आणि भविष्यकाळचें हीं तिन्ही चित्तें हातीं लागत नाहींत असें तुमच्या सूत्रांत आहे ना? तर तुम्ही या फराळानें कोणत्या चित्तास स्पर्श करणार? पंडितास उत्तर सुचलें नाहीं. पुढें त्यानें तें भाष्य जाळून टाकलें.

वज्रच्छेदिका हा मूळ संस्कृत ग्रंथ. त्याचें चिनी भाषांतर ४०२ च्या सुमारास कुमारजीवानें केलें; त्याचा बाप हिंदी, आई कुचाच्या राजघराण्यांतील. ते-शान ८६५ मध्यें वारला, आणि त्यानंतर तीनच वर्षांनीं, ८६८ सालीं छापलेली याच सूत्राची एक गुंडाळी तुन-हुआंगच्या गुहेंत सांपडली. जगांतील सालासह छापलेलें सर्वांत जुनें उपलब्ध पुस्तक तें हेंच. ज्या उद्यानांत आम्हीं चहा घेतला त्या भागाचें इंग्रजी नांव 'डायमंड हिल', म्हणजे वज्रगिरि! हा योग पाहून आम्ही क्षणभर हुरळलों. परंतु चौकशीअंतीं असें कळलें कीं तेथें दगडाच्या खाणी होत्या, 'दगड फोडणें' आणि 'हिरा' यांस चिनी भाषेंत एकच शब्द, आणि भाषांतर करणाऱ्यानें त्यांतला हिरा उचलला. असो.

विहारांतून रस्त्यावर आलेला हा चहा सुंग घराण्याच्या काळांत शहरांचा राजा झाला. राजधानी काइफेंग ११२७ मध्यें पडली. तिची आठवण मेंग युआन-लाओ यानें ११४७ मध्यें लिहून पुरी केली, आणि ज्याचें शहर गेलें त्यासच लिहितां येईल असें तें पुस्तक आहे. त्यांत एका रस्त्यावरील चहाघरांचें वर्णन येतें: पहांटेच्या आधीं, पांचव्या प्रहरीं, दिवे लावून तेथें कपडे, चित्रें, फुलांचे गजरे यांचा बाजार भरे आणि उजाडतांच मोडे, लोक त्यास भुतांचा बाजार म्हणत. पुढील राजधानी हांगचौ येथें चहाघरांच्या भिंतींवर नामांकित चित्रकारांचीं चित्रें टांगलेलीं असत, ऋतुमानाप्रमाणें फुलें मांडलेलीं असत, आणि शहरांत केवळ निरामिष पदार्थ विकणारीं निराळीं दुकानेंहि होतीं. हिंवाळ्यांत नाना जिन्नस कुटून घातलेला चहा तेथें मिळे, म्हणजे लू यूचा निषेध तोंपर्यंत लोकांनीं खुंटीस टांगला होता. आज आपण पाहतों तसा सुट्या पानांचा चहा सर्वत्र होण्यास १३९१ सालचा मिंग सम्राटाचा हुकूम कारण झाला. त्यानें चहाच्या वड्यांचा नजराणा बंद करून पानें पाठविण्यास सांगितलें. किटलीचें राज्य तेव्हांपासून.

यानंतर कँटन. येथें मुंबईचा संबंध येतो, आणि तो सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १७५७ पासून युरोपीय व्यापाऱ्यांस चीनमध्यें हें एकच बंदर मोकळें होतें. इंग्लंडांत १७८४ सालीं चहावरील जकात शेंकडा ११९ वरून साडेबारावर आली आणि चहाची मागणी भडकली. चिनी लोकांस मात्र इंग्रजी माल फारसा नको होता. त्यांस चांदी हवी. ती चांदी वांचविण्यासाठीं हिंदुस्थानांतून प्रथम कापूस आणि मग अफू जाऊं लागली. बंगालची अफू कंपनीच्या मक्त्याची. दुसरी शिंदे-होळकरांच्या माळव्यांत पिकणारी, ती दमण आणि मुंबई या वाटेनें जाई. या व्यापारांत ज्यांचें भाग्य उदयास आलें त्यांत सर जमशेटजी जीजीभाई हे प्रमुख. ते पांच वेळां चीनला जाऊन आले होते. त्यांनीं दानधर्महि तितकाच मोठा केला. १८४५ चें रुग्णालय आणि १८५७ ची कलाशाळा आजहि त्यांचें नांव सांगतात. १८३९ सालीं लिन त्से-शू या अधिकाऱ्यानें वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून हूमेन येथें नष्ट केली, त्यांत माळव्याच्या पेट्याहि होत्या. त्यावरून युद्ध झालें आणि १८४२ च्या तहानें हाँगकाँग इंग्रजांकडे गेलें. एका काळीं हिंदुस्थानानें चीनला सूत्रें पाठविलीं हें आपण मुलांस शाळेंत शिकवितों. दुसऱ्या काळीं आपल्याच बंदरांतून काय गेलें हें शिकवितांना आवाज थोडा खालीं येतो, असा आमचा अध्यापनांतील अनुभव आहे.

या पडत्या काळांतच कँटनचें आजचें चहाघर जन्मलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रस्त्याच्या कडेला लांकडी बांकें टाकून चहा देणारीं साधीं दुकानें होतीं. चहाची किंमत दोन 'ली', म्हणून त्यांस 'दोन-ली-घरें' म्हणत. हमाल, कारागीर सकाळीं तेथें बसून एक पेला चहा आणि दोन खाद्यें घेत. मग 'चा-लौ', म्हणजे माड्यांचीं चहाघरें आलीं. १८८० चें ताओ-ताओ-ज्यू आणि १८८९ पासून चालत आलेलें, कमळबियांच्या पुरणासाठीं प्रसिद्ध असलेलें ल्येन-श्यांग हीं त्यांपैकीं. 'यम् चा' याचा शब्दार्थ चहा पिणें. परंतु कँटनी माणूस यम् चाला चला म्हणतो तेव्हां फराळ गृहीत असतो. १९३३ सालीं हाँगकाँग येथें जें चहाघर निघालें त्यास लू यूचें नांव दिलें गेलें. तें १९७६ पासून स्टॅन्ली रस्त्यावर आहे.

चहा भिक्षूंनीं जागें राहण्यासाठीं घेतला, नागरिकांनीं बोलण्यासाठीं. चीनमधील चहाघराची खरी कर्तबगारी आम्हांस येथें दिसते. स्सचुआनांतील चेंगतू शहरांत १९०९ च्या सुमारास ५१६ गल्ल्यांत ४५४ चहाघरें मोजलीं गेलीं. वांग दी या इतिहासकारानें त्यांच्यावर दोन मोठे ग्रंथ लिहिले आहेत. केस कापणारे, कान कोरणारे, कथा सांगणारे सर्व तेथेंच. दोन पक्षांत भांडण झालें तर कोर्टांत न जातां चहाघरांत पंच बसवावे, आणि जो चुकला ठरेल त्यानें सर्वांच्या चहाचे पैसे द्यावे, अशी चाल होती. सरकारांस ही पंचाईत आवडत नसे, आणि गप्पा तर त्याहून नाहींत. म्हणून भिंतींवर पाट्या लागत: राजकारणावर बोलूं नये. लाओ शे यानें १९५७ सालीं लिहिलेल्या 'चहाघर' या नाटकांत ही पाटी अंकागणिक मोठी होत जाते. १८९८ पासून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापर्यंत पेकिंगमधील एकाच चहाघराची ही कथा. मालक वांग प्रत्येक राजवटीपुढें वांकतो, सुधारणा करतो, आणि शेवटीं गळफांस लावून घेतो. नाटक नव्या राजवटीच्या आधीं संपतें. परंतु १९६६ च्या ऑगस्टमध्यें त्या राजवटीच्या तरुण रक्षकांनीं म्हाताऱ्या लाओ शेला जाहीरपणें मारहाण केली, आणि त्यानंतर त्याचें प्रेत पेकिंगच्या ताइपिंग तलावांत सांपडलें. त्या वर्षीं चेंगतूचीं चहाघरेंहि बंद झालीं. १९७९ मध्यें पेकिंगच्या च्येन-मेन दरवाज्याजवळ कांहीं बेकार तरुणांनीं दोन फेनला वाडगा या दरानें रस्त्यावर चहा विकण्यास आरंभ केला. त्यांच्याच उद्योगांतून १९८८ सालीं मोठें चहाघर उभें राहिलें आणि त्यास लाओ शेचें नांव दिलें गेलें.

उद्यानांतील शांत चहाघर पाहून झाल्यावर गजबजलेलें चा-लौ पाहावें म्हणून दुसरे दिवशीं सकाळीं आम्ही शहरांतल्या एका जुन्या ठिकाणीं गेलों. काय तो कोलाहल! वर्तमानपत्रें, पिंजऱ्यांसारख्या करंड्या, आजोबा, नातवंडें, आणि एका मेजावर चार अनोळखी कुटुंबें. आमच्यासाठीं मात्र पंचाईत. मुळ्याच्या वडींतसुद्धां वाळवलेली कोळंबी असते! शेवटीं आम्हीं आदल्या दिवशीं शिकलेला 'जाय' हा शब्द उच्चारला. उपोषधास, व्रतस्थ भोजनास चिनी बौद्धांनीं जो शब्द योजला तो हा. प्रतिपदेस आणि पौर्णिमेस कित्येक घरें आजहि 'जाय' पाळतात, जशी आपल्याकडे एकादशी. वाढणाऱ्यानें मान डोलावली आणि कमळपुरणाचे दोन पाव आणून ठेविले. किटली संपली. आम्ही हांक मारली, हात केला, कोणी पाहीना. तेव्हां शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, जे तोंवर आमच्याकडे ढुंकूनहि पाहत नव्हते, त्यांनीं हात लांब करून आमच्या किटलीचें झांकण उचललें आणि तिच्याच तोंडावर तिरकें ठेविलें. पाणी हवें ही त्याची खूण. क्षणांत मुलगा येऊन कढत पाणी ओतून गेला. त्यांनीं दोन बोटें मेजावर हलकेच आपटून दाखविलीं. येथें आभार असे मानतात. आम्हीं तसें केलें, प्रथम मुलाकडे पाहून, परंतु तो निघून गेला होता. म्हणून मग त्या गृहस्थांकडे पाहून. ते पुन्हां वर्तमानपत्र वाचूं लागले होते.